पावसाळा संपल्यावर घराची बाहेरची बाजू: प्रेशर वॉशर, ब्रश की औषध?

खारेवारे
घर देवगडजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. जोतं आणि पुढची भिंत उघड्या चिऱ्याची (जांभा दगडाची), दर्जा म्हणजे दगडांमधल्या फटी सिमेंटने भरलेल्या. बाकी भिंतींना गिलावा आणि त्यावर बाहेरचं इमल्शन, पाच वर्षं जुनं. पडवीवर मंगलोरी कौलं, मागे न्हाणीवर जुना राखाडी सिमेंटचा पत्रा. पायऱ्या कोटा दगडाच्या, अंगणात पेव्हर ब्लॉक.
उत्तरेच्या भिंतीवर काळे ओघळ आहेत. चिऱ्यावर हिरवं, मध्येमध्ये पांढरं. खिडक्यांच्या ग्रिलखाली गंजाचे डाग आणि जमिनीलगत दोन फूट तांबड्या मातीचे शिंतोडे. रंग यंदा काढायचा नाही, दिवाळीआधी फक्त स्वच्छ करायचंय. तालुक्याला १३० बारचा प्रेशर वॉशर भाड्याने मिळतोय. सगळं त्यानेच उरकावं का?

रंगारी_दादा
नका उरकू. तुमच्या यादीत सहा प्रकारचे पृष्ठभाग आणि पाच प्रकारची घाण आहे. यंत्र यातल्या फार तर दोन ठिकाणी उपयोगाचं, दोन ठिकाणी ते नुकसान करेल आणि एका ठिकाणी धोकादायक आहे. तो न्हाणीवरचा पत्रा. त्याच्याबद्दल खाली लिहितो.

आधी घाण ओळखा, पाच मिनिटांचं काम आहे. कापसाचा बोळा घरगुती ब्लीचमध्ये बुडवून काळ्या ओघळावर दाबून धरा. दोन मिनिटांत रंग उडाला तर ते शेवाळ किंवा बुरशी. नाही उडाला तर धूळ किंवा काजळी, तिला साबण लागतो, ब्लीच वाया जाईल. चिऱ्यावरच्या पांढऱ्यावर पाणी मारा. ओलं असताना दिसेनासं झालं आणि वाळल्यावर परत आलं तर तो लोणा, म्हणजे दगडातून बाहेर आलेले क्षार. ओलं असतानाही तसंच दिसलं आणि कडा गोलसर, खवल्यांसारख्या असल्या तर दगडफूल. या दोघांवरचे उपाय अगदी उलटे आहेत.

मग रंग तपासा. काळं फडकं भिंतीवर हलकं फिरवा. फडक्यावर पांढरी भुकटी आली तर इमल्शनचा वरचा थर मेलाय. अशा भिंतीवर यंत्र लावलंत की पट्ट्यापट्ट्यांनी रंग निघतो, मग यंदा रंग काढायचा नाही हा बेत तिथेच संपला.

चिरेखाण
दादांशी सहमत. फक्त चिऱ्यासाठी वेगळं सांगतो.

जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा सच्छिद्र सांगाडा आणि त्याच्या भोकांत मऊ माती. बाहेरची तांबडी-काळी कडक साय हेच त्याचं कवच. शंभर बारचा फवारा जवळून मारला की आधी भोकांतली माती निघते, मग भोकाच्या कडा तुटतात. त्या दिवशी भिंत छान लालभडक दिसते, सगळे खूश. पुढच्या पावसात त्याच मोठ्या झालेल्या भोकांत पाणी साचतं आणि शेवाळ आधीच्या दुप्पट वेगाने धरतं.

ॲसिड तर अजिबात नको. फरशीवाले गवंडी सगळीकडे एकच बाटली घेऊन फिरतात, पण ॲसिडने दगडातलं लोह सुटतं आणि खाली पिवळे-तपकिरी ओघळ येतात, ते निघत नाहीत. शिवाय दर्जांतलं सिमेंट खाल्लं जातं.

पद्धत सांगतो. लोणा आधी, आणि तो कोरडाच काढायचा. नायलॉनचा कडक ब्रश किंवा काथ्याचा कुंचा घ्या. तारेचा ब्रश नको, तुटलेल्या तारा भोकांत अडकून गंजतात. खाली पडलेली भुकटी गोळा करून लांब टाका, नाहीतर पहिल्या पाण्याबरोबर परत दगडात शिरते. लोण्यावर पाणी मारत बसलात तर क्षार विरघळून आत जातात, वाळताना पुन्हा बाहेर येतात, आणि हा खेळ वर्षानुवर्षं चालतो.

हिरवं शेवाळ मात्र ओलं करून काढायचं. जाड थर असेल तर लाकडी पट्टीने खरवडून घ्या, मग साध्या नळीच्या पाण्याने वरून खाली धुवा. उरलेल्या हिरव्या छटेवर बेंझाल्कोनियम क्लोराइड, म्हणजे शेवाळ मारणारं जंतुनाशक. कोळंबीच्या तळ्यांना लागणारं सामान विकणाऱ्यांकडे ५० टक्क्यांचं मिळतं. लिटरला २० मिली घातलं की १ टक्का होतं. फवारायचं आणि सोडून द्यायचं, धुवायचं नाही. हिरवं आठवड्याभरात तपकिरी होऊन सुटतं. दगडफुलाला दोन-तीन आठवडे द्या, आणि मगच ब्रश लावा. जिवंत दगडफूल ओढून काढलं तर दगडाची साय घेऊन येतं.

टाकीवाला
@चिरेखाण, २० मिली मोजायचा वैताग नको, पंपावर सांगा. बागेच्या १६ लिटरच्या पाठपंपाला ५० टक्क्यांचं ३२० मिली. आणि एक गोष्ट राहिली: यात साबण घालायचा नाही. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण या औषधाला चिकटून त्याला निकामी करतो. आधी साबणाने भिंत घासली असेल तर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, भिंत निथळू द्या, मग फवारा.

तणनाशकाला वापरलेला पंप आणू नका. कितीही धुतला तरी नळीत अंश राहतो, आणि भिंतीच्या पायथ्याशी शेवंती-अबोली असते.

खारेवारे
धन्यवाद मंडळी. मग गिलाव्याच्या भिंतीवरही हेच औषध चालेल का? की ब्लीच? ब्लीच स्वस्त पडतं.

रंगारी_दादा
गिलाव्यावर रंग शाबूत असेल तर ब्लीचच. काळे ओघळ तासाभरात जातात, औषधाला आठवडे लागतात.

भिंतीवर पडणारं द्रावण साधारण १ टक्का हायपोक्लोराइटचं (ब्लीचमधलं मुख्य रसायन) हवं. घरगुती बाटली ५ टक्क्यांची असेल तर एकाला चार पाणी. व्यापारी कॅन १० टक्क्यांचा असेल तर एकाला नऊ. कॅनवर छापलेला आकडा भरला त्या दिवसाचा असतो. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल महिन्या-दोन महिन्यांत बराच उतरतो, म्हणून खपाच्या दुकानातून ताजा घ्या आणि सावलीत ठेवा. झाकण गच्च पिळू नका, आत वायू साठतो.

पंपात वीस-तीस मिली भांड्यांचा द्रवरूप साबण घाला, म्हणजे द्रावण ओघळून न जाता भिंतीला धरून राहतं. (ब्लीचला साबण चालतो, चिरेखाणांच्या औषधाला नाही. अदलाबदल करू नका.) भिंत आधी पाण्याने ओली करा. फवारणी खालून वर, धुणं वरून खाली. उलटं केलंत तर वरून आलेला ओघळ कोरड्या भिंतीवर पट्टे उमटवतो आणि ते पट्टे नंतर दिसत राहतात. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पण भिंत वाळू द्यायची नाही, म्हणून सकाळी उन्हाआधी किंवा भिंत सावलीत आल्यावर, आणि एका वेळी आठ-दहा फूट रुंदीचाच पट्टा घ्यायचा. मऊ ब्रशचा एक हात फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. घट्ट डाग राहिले तर दुसरा हात, द्रावण कडक करत बसू नका.

एक लिटर द्रावण चाळीस-पन्नास चौरस फुटांना पुरतं. तुमची उत्तरेची भिंत ३० बाय १० धरली तर सहा-सात लिटर, म्हणजे अर्धा पंपसुद्धा नाही.

चिरेखाण
खारेवारे तुम्ही विचारलंत म्हणून आधीच सांगतो, हेच ब्लीच चिऱ्यावर ढकलू नका. कामगार तसंच करतात, एकच पंप, एकच फेरी. ब्लीच मोडल्यावर मीठ उरतं. रंगवलेल्या भिंतीवरून ते धुऊन जातं, पण चिरा ते पिऊन घेतो. आधीच खाऱ्या वाऱ्याचं मीठ, त्यात हे. पुढच्या उन्हाळ्यात लोणा वाढलेला दिसेल.

रंगारी_दादा
तत्त्वतः मान्य. पण नुसत्या जोत्यावर, वर्षातून एकदा, आधी भिंत पाण्याने तुडुंब भिजवून आणि नंतर भरपूर धुऊन केलं तर इतकं काही होत नाही. भिजलेला दगड द्रावण कमी पितो. घाईचं काम असेल आणि आठवडाभर थांबायला वेळ नसेल तर मी अर्धा टक्का ब्लीच मारा म्हणेन.

चिरेखाण
दिवाळीला तीन आठवडे असतील तर थांबावं. आठ दिवस असतील तर तुमचं ऐकावं. भिजवण्याचा मुद्दा बरोबर आहे.

क्लोरीनवास
सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. कुणी मुद्दाम मिसळत नाही, पण सकाळी पायऱ्यांवर संडास धुण्याचं निळं द्रावण टाकलं (त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं) आणि त्यावर भिंतीवरून ब्लीचचं पाणी वाहत आलं की झालं. घरात एका दिवशी एकच रसायन काढा, दुसऱ्याची बाटली बाहेर आणूच नका. बादल्या आणि ब्रशसुद्धा वेगळे.

वर तोंड करून फवारताना चष्मा हवाच, साधा नव्हे, बाजूने बंद असलेला. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे टाकाऊ कपडे. वारा पाठीमागून घ्या. कढीपत्ता, जास्वंद, भिंतीलगतची रोपं आधी पाण्याने चिंब करा, ताडपत्री टाका, काम झाल्यावर पुन्हा धुवा. आधी भिजलेली मुळं ब्लीच कमी घेतात. बेंझाल्कोनियम मात्र विहिरीत किंवा वहाळात जाऊ देऊ नका, मासे-बेडूक मरतात. विहीर भिंतीच्या दहा-पंधरा फुटांत असेल तर त्या बाजूला फवारणी टाळून नुसता ब्रश मारा.

दुकानात ब्लीचिंग पावडरही मिळते, स्वस्तात. ताज्या पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरीन धरला तर १६ लिटरला अर्धा किलो. रात्री बादलीत कालवून ठेवा आणि सकाळी वरची निवळीच पंपात घ्या. गाळ घेतलात तर नोझल बुजतं आणि भिंतीवर चुन्याचे पांढरे ठिपके राहतात, ते काढायला वेगळा खटाटोप.

रंगारी_दादा
आता तो पत्रा. जुना राखाडी नालीदार सिमेंटचा पत्रा बहुतेक ॲस्बेस्टॉसचा असतो. त्यावर प्रेशर नाही, कोरडा ब्रश नाही, खरवडणं नाही. वरचा सिमेंटचा थर झिजलेला असतो आणि घासलं की तंतू मोकळे होतात, ते फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. काळा दिसतोय तर दिसू दे. फारच शेवाळ असेल तर शिडीवरून बेंझाल्कोनियम हलकं फवारा आणि पावसाला काम करू द्या. पत्र्यावर चढू नका, जुना सिमेंटचा पत्रा न सांगता तुटतो.

कौलारू
मंगलोरी कौलांवर यंत्र का नको ते मी लिहितो. कौलं एकमेकांवर बसतात ती वरून खाली वाहणारं पाणी अडवायला. फवारा खालून किंवा आडवा आला की पाणी जोडातून आत, रिपांवर आणि वाशांवर. दुसरं, कौलाची भाजलेली गुळगुळीत साय फवाऱ्याने खरखरीत होते, मग शेवाळाला आयतीच पकड मिळते.

पाऊस गेल्यावर चार कडक उन्हं लागू द्या. शेवाळ वाळून पापुद्रे धरतं, मग खराट्याने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने कोन्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, खाली झाडत या. जोडाच्या फटीत अडकलेलं शेवाळ आधी काढा, गळतीचं कारण तेच असतं: पाणी तिथे तुंबतं आणि उलटं आत येतं. कौलावर थेट पाय नको. बांबूची शिडी आडवी टाकून वजन वाशांवर घ्या. फुटकी कौलं याच वेळी बदला आणि पन्हळ शेवटी साफ करा, कारण सगळा कचरा तिथेच येतो.

खारेवारे
गंज आणि तांबडी माती राहिली. आणि यंत्र नक्की कुठे वापरू तेही सांगा, भाव ठरवलाय मी.

टाकीवाला
तांबड्या मातीवर ब्लीच फुकट आहे, ती लोहाची भुकटी. वाळल्यावर कोरडा ब्रश, मग साबणाचं पाणी आणि ब्रश. कारण मात्र पागोळ्या. पागोळी पडते त्या रेषेवर दोन फूट रुंद खडीचा पट्टा टाका, चार इंच जाड. तो नसेल तर दर श्रावणात भिंत लाल.

गंजावर ऑक्झॅलिक ॲसिड, लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. डाग आधी ओला करायचा, कापडाने किंवा ब्रशने लावायचं, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नका. गिलाव्याच्या कोपऱ्यात एक फूटभर जागेवर आधी करून पाहा, गडद रंग फिका पडू शकतो. वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी बघायचं, ओल्या भिंतीवर सगळंच छान दिसतं. चिऱ्यावर आणि कोट्यावर हे लावू नका. ग्रिलचा गंज घासून रेड ऑक्साइड मारल्याशिवाय डाग काढण्यात अर्थ नाही.

कोटा हा चुनखडी दगड. शहाबाद, कडप्पाही तसेच. ॲसिड लागलं की चकाकी गेलीच, लिंबाचा रस सांडला तरी डाग पडतो. पायऱ्यांना साबण, ब्रश, पाणी, आणि हिरव्या निसरड्या कोपऱ्यांना १ टक्का ब्लीच.

यंत्र वापरा पेव्हरवर. तिथे ते खरंच कामाचं. पंख्यासारखा पसरणारा २५ अंशांचा नोझल (बहुतेक यंत्रांवर हिरवा), जमिनीपासून फूटभर वर, फवारा तिरका. लाल रंगाचा शून्य अंशाचा नोझल खोक्यातच राहू द्या. सांध्यांतली रेती थोडी उडणारच. पेव्हर पूर्ण वाळल्यावर बारीक सुकी रेती पसरून झाडूने सांध्यांत भरा. रेती भरली नाही तर ब्लॉक हलायला लागतात आणि सांध्यांत गवत येतं. गाडीच्या ऑइलचे डाग असतील तर आधी लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्रश. थेट फवारा मारला तर तेल शेजारच्या चार ब्लॉकांवर जातं.

पाण्याचा हिशोब: असं यंत्र मिनिटाला सहा-आठ लिटर घेतं, म्हणजे ५०० लिटरची टाकी तासाभरात संपते. टाकी दहा फूट वर असेल तर नळीत जेमतेम ०.३ बारचा दाब येतो, काही यंत्रांना तेवढा पुरत नाही आणि पंप हवा ओढत खडखडतो. भाड्याने घेताना बादलीतून पाणी ओढतं का ते विचारा. विहिरीचं पाणी असेल तर आतल्या तोंडाची जाळी दर थोड्या वेळाने धुवा. सुरू करण्याआधी बंदुकीचा खटका दाबून नळीतली हवा जाऊ द्या. खटका सोडून यंत्र चालू ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, पंप तापतो. प्लग १५ अँपिअरचा आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवा. नसेल तर ओल्या अंगणात ते यंत्र लावूच नका.

रंगारी_दादा
आणि शिडीवर उभं राहून बंदूक चालवायची नाही. खटका दाबताच मागे धक्का बसतो. उंच भिंतीला लांब दांड्याचा ब्रश आणि साधी नळी पुरते. मीटरची पेटी, एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडकीच्या कडा यांच्याकडे फवारा वळवू नका. एसीच्या पत्र्याच्या पात्या एका झटक्यात आडव्या होतात.

पूर्वाई
न्यू जर्सीहून विचारतेय. घराला व्हिनाइल साइडिंग आहे, उत्तरेला हिरवा थर. इथले लोक सरसकट पॉवर वॉश करून घेतात.

रंगारी_दादा
ब्लीचची वर दिलेली पद्धतच, १ टक्का, साबण घालून. साइडिंगच्या पट्ट्या कौलांसारख्याच एकावर एक असतात, त्यामुळे फवारा खालून वर गेला की पाणी मागे जातं आणि आत बुरशी धरते. थंडी पडण्याआधी उरका. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि कुठे जुनी रंगवलेली लाकडी पट्टी, चौकट असेल तर त्यावर प्रेशर किंवा सँडपेपर नको, रंगात शिसं असू शकतं. ते तपासून घ्या.

खारेवारे
शेवटचं. धुऊन झाल्यावर चिऱ्यावर चकचकीत क्लिअर कोट मारायचा का? आमच्या वाडीत दोन-तीन घरांवर मारलाय, दिसतो छान.

चिरेखाण
दोन वर्षं छान दिसतो. त्या थराखालून दगडातली ओल बाहेर पडू शकत नाही, मग कोट दुधी होतो, पापुद्रे सुटतात आणि ते काढताना साय निघते. मारायचंच असेल तर चमक न येणारं, दगडात शोषलं जाणारं सिलेन-सिलोक्सेन घ्या. तेही भिंत महिनाभर कोरडी राहिल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. आणि जोत्यावर नाही. जमिनीतून ओल वर चढते तिथे ते मारलं तर लोणा थराच्या मागे साठतो आणि चिऱ्याचा पुढचा भाग खपलीसारखा सुटतो.

टाकीवाला
खिडक्या राहिल्याच. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगवर ब्लीच उडालं तर लगेच पाण्याने धुवा, वाळू दिलं की पांढरट डाग पडतात. सौम्य साबण आणि मऊ फडकं बास. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती माती आणि किड्यांनी बुजलेली असतात. खराट्याची एक हीर घालून मोकळी करा आणि आतून तांब्याभर पाणी ओतून बाहेर येतंय का बघा. खिडकीखालच्या भिंतीत ओल येते ती पुष्कळदा इथूनच.

खारेवारे
मग क्रम असा लावतो: उद्यापासून लोणा कोरडा, लगेच चिऱ्यावर औषध, उन्हं लागली की कौलं, मग उत्तरेची भिंत, शेवटी पेव्हर. यंत्र एकाच दिवसासाठी सांगतो.

रंगारी_दादा
कौलं झाडल्यावर कचरा भिंतीवर येणारच, त्यामुळे क्रम बरोबर. फक्त चिऱ्यावर औषध मारण्याआधी हिरवं ओलं करून काढायचं विसरू नका, आणि लोणा काढलेली जागा त्या पाण्यापासून लांब ठेवा. औषध मारल्यावर २४ तास पाऊस नको. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट होतो, म्हणून सकाळी लवकर मारा आणि आदल्या रात्री हवामान बघून घ्या.